वीस मिनिटं पुढे

मी दौलत परबांचं मनगटी घड्याळ. आज बोलतोय, कारण टिकटिकायचं माझं काम आता संपलं आहे. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, देव्हाऱ्याखालच्या खणात मी पडून असतो. एका बाजूला उदबत्तीचा पुडा, दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिकांचा न वाटलेला गठ्ठा. माझे काटे अकरा वाजून सतरा मिनिटांवर थांबले आहेत. ही वेळ खोटी आहे. पण ती तशी का, हे कळायला तुम्हाला माझी सगळी हकीकत ऐकावी लागेल.

कारखान्यातल्या जन्माचं काय सांगू? शेकडो भावंडांबरोबर खोक्यात गेलो, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं मालवणजवळच्या एका लग्नमांडवात. नवरदेवाच्या हातात घड्याळ घालायचंच, असा सासऱ्यांचा हट्ट होता आणि त्यासाठी त्यांनी मला मुंबईहून मागवलं होतं. नवरदेव म्हणजे दौलत. गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्याचं ते मनगट. माझ्या पट्ट्याचं शेवटचं भोकही त्याला पुरेना. मांडवातच कोणीतरी दाभण आणलं आणि नवं भोक पाडलं. सगळे हसले. मला जरा लागलं, पण मी लग्नकार्यात तक्रार करणारा नव्हे.

मुंबईत आल्यावर महिन्याभरातच दौलतला एकदा पहिल्या पाळीला उशीर झाला. किती? पाच मिनिटं. गिरणीचा भोंगा वाजून गेला होता आणि फाटक बंद. नवी नवरी घरात, आणि हा गडी सकाळी सव्वासातला डबा घेऊन परत. त्या दिवशी त्याने माझी चावी ओढली आणि काटे वीस मिनिटं पुढे सारले. म्हणाला, आता बघतो कसा उशीर होतो ते.

तेव्हापासून मी खोटारडा झालो. घरात कोणीही वेळ विचारली की दौलत माझ्याकडे बघायचा, मनात वीस वजा करायचा आणि मग सांगायचा. हळूहळू सगळं घर वजाबाकी करायला शिकलं. पाहुणा आला आणि माझ्याकडे बघून घाबरून उठला, तर घरातलं शेंबडं पोर त्याला सांगायचं, बसा हो, आमचं पुढे आहे. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली, भोंगा कायमचा गप्प झाला, दौलत एका इमारतीच्या गेटावर बसू लागला. पण माझी वीस मिनिटं काही मागे आली नाहीत. सवय ती सवय. आणि खरं सांगायचं तर पन्नास वर्षांत त्या घरातल्या कोणाचीही गाडी, परीक्षा किंवा मुहूर्त चुकला नाही. माझं खोटं सगळ्यांच्या कामी आलं. तरीही आत कुठेतरी मला खुपायचं. घड्याळाच्या जातीने एकदा तरी खरी वेळ दाखवावी, असं वाटायचं. इच्छा साधीच होती. देव कोणती इच्छा कधी पुरी करेल, याचा मात्र नेम नसतो.

दौलतचा मुलगा तरुणपणीच गेला. घरात उरली सून मालन आणि नातू अवधूत. मालनने शिवणकाम करून पोराला शिकवलं. अवधूत तीस वर्षांचा झाला, नोकरीत स्थिरावला आणि यंदा त्याचं लग्न ठरलं. मुलगी परळचीच, वैशाली. पौषात साखरपुडा नको म्हणून घाईने तो मार्गशीर्षातच उरकला, आणि लग्न माघात. साखरपुड्याच्या संध्याकाळी दौलतने मला हातातून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि नातवाच्या मनगटावर बांधलं. माझ्या सासऱ्याने माका घातलेला, म्हणाला, आता तू बोहल्यावर ह्याच घालून उभा रव. अवधूतचं मनगट बारीक. पट्ट्याची कितीतरी भोकं रिकामी राहिली.

आता ज्या दोघांमुळे हे सगळं घडलं, त्यांची ओळख करून देतो. दोष देतो म्हणून नव्हे. अवधूतचे दोन जिवलग, माटुंग्याच्या कॉलेजपासूनचे. एक खोताच्या वाडीतला बेसिल, दुसरी शिवाजी पार्कची अनुजा. दर हिवाळ्यात तिघांनी दोन दिवस कुठेतरी समुद्रावर जायचं, हा त्यांचा दहा वर्षांचा नेम. यंदा लग्न होतं, म्हणून अनुजाने जाहीर केलं की ही सहल म्हणजे अवधूतचं केळवण. आम्ही दोघं करणार, समुद्रावर करणार. बेसिल म्हणाला, पानात सुरमई असेल, वरण-भात विसर. मालनलाही ते आवडलं. तिने डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले.

निघायच्या आदल्या दिवशी दौलतने पंचांग उघडलं. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ काढायला फोन लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. रविवार, तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. हे सगळं त्याने नातवाला दोनदा सांगितलं आणि वर बजावलं की समुद्राशी मस्करी करायची नाही. अवधूत हो हो म्हणाला. तो लालबागमध्ये वाढलेला. समुद्र म्हणजे त्याला विसर्जनाचा चौपाटीवरचा, नाहीतर सहलीत काठावरून पाहिलेला. पोहणं त्याला जेमतेम यायचं, पण आपण कोकणातले, या गोष्टीवर त्याचा फार भरवसा होता.

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना बेसिलने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याचे वडील गिरगावात घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान आता नाही, पण ती नजर पोरात उतरली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिशातल्या फोनकडे, आणि भुवई उचलली. हे घड्याळ पळतंय, त्याच्या मनात आलं. म्हातारं झालंय बिचारं. तो काही बोलला नाही, कारण त्याला एक कल्पना सुचली होती. मित्राच्या केळवणाला मित्राने काय द्यावं, हे आठ दिवस त्याला सुचत नव्हतं. ते आता सुचलं.

ज्या गावात ते गेले त्याचं नाव मी घेत नाही. त्या गावाची चूक नव्हती. सुरूची बनं, लांबलचक वाळू, समोर पाण्यात एक छोटा किल्ला. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. किनाऱ्याला लागून एक बुटकं लॉज होतं आणि त्यांची खोली पहिल्या मजल्यावर. पोचल्या पोचल्या अनुजाने आपला नियम काढला. दोन दिवस ऑफिसचे फोन घ्यायचे नाहीत. रात्रीपासून तिघांचे फोन एका कापडी पिशवीत, पिशवी कपाटात, चावी तिच्या गळ्यात. ती म्हणाली, वेळ बघायला अवधूतचं घड्याळ आहे की. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

फोन पिशवीत जायच्या आधी संध्याकाळी अवधूत आंघोळीला गेला. मी खिडकीत होतो. बेसिलने मला उचललं, बॅगेतून वडिलांची हत्यारांची छोटी पेटी काढली आणि माझं मागचं झाकण उघडलं. इतक्या हलक्या हाताने मला आजवर कोणी उघडलं नव्हतं. त्याने आतली धूळ फुंकली, तेलाचा एक थेंब सोडला, काच पुसली. मग फोन समोर धरला, चावी ओढली आणि माझे काटे मागे घेतले. वीस मिनिटं. तो स्वतःशीच हसला आणि मला होतो तिथे ठेवून दिलं. लग्नाच्या दिवशी अवधूतला सांगायचं, बघ, तुझं घड्याळ आता सेकंदाला बरोबर आहे, हीच माझी भेट. असं त्याच्या मनात असणार.

मला बरं वाटलं. हे मी कबूल करतो. पन्नास वर्षांनी मी पहिल्यांदा खरं बोलत होतो, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

रविवारी सकाळी आठला तिघं किल्ल्याकडे निघाले. माझ्यावर आठ होते. अवधूतने माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने वजाबाकी केली. सातचाळीस, त्याने सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

किनाऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी चहा देताना आपणहून सांगितलं. "किल्ल्याकडची वाळू सुकी दिसंल, तिच्यावर भरवसा ठिवू नका. पाणी आधी मधल्या चरात शिरतं, हितं, किनाऱ्याच्या अंगाला. साडेदहाला चर वलांडून अल्याड या. एक मिनिट वर नको." अवधूतने मान डोलावली आणि माझ्या काचेवर बोट टेकवलं, जणू मला साक्षीला धरलं.

चर तेव्हा घोटाभर होता. तिघांनी चपला हातात घेऊन तो हसत हसत ओलांडला. किल्ल्यात फार काही नव्हतं. दोन बुरूज, एक कोरडा हौद, देवीची घुमटी. अनुजाने घुमटीपुढेच वर्तमानपत्र पसरलं, त्यावर लाडू, केळी आणि लॉजवाल्याकडून बांधून आणलेले घावन मांडले. अवधूतला मध्ये बसवून कुंकू लावलं. बेसिलने त्याला घास भरवला आणि म्हणाला की पुढच्या हिवाळ्यात आपण चौघं असू. अवधूतचे डोळे भरून आले. एवढी माया मी फार थोड्या पंगतीत पाहिली आहे. आणि सगळा वेळ मी त्याच्या मनगटावर खरी वेळ दाखवत होतो, आणि तो ती खोटी धरून चालला होता.

खडकांवर चार बायका कालवं फोडत बसल्या होत्या. सव्वादहाला त्या उठल्या. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. त्यांनी नुसतं पाण्याकडे पाहिलं, पाट्या उचलल्या आणि भराभर किनाऱ्याकडे चालू लागल्या. त्यांच्या मागून किल्ल्यातलं एक कुटुंबही निघालं. बुरुजावर आता फक्त हे तिघं होते. अनुजाला ते जाणवलं.

"त्या बायका निघाल्या रे. आपण पण निघूया?"

अवधूतने मनगट वळवलं. माझ्यावर दहा वाजून पंचवीस झाले होते. त्याने पाहिलं, वीस वजा केले आणि पाय पसरले.

"दहा-पाच होतायत. वेळ आहे अजून."

मी काय करू शकत होतो? घड्याळाला तोंड असतं, पण हाक मारता येत नाही. मी जेवढ्या मोठ्याने टिकटिकता येईल तेवढा टिकटिकलो. लाटांच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? बेसिल शेजारीच होता. मी बरोबर आहे हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं, म्हणूनच त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मित्र दहा-पाच म्हणतोय म्हणजे दहा-पाचच. एकाने सांगायचं लग्नासाठी राखून ठेवलं होतं, दुसऱ्याला कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. घरातल्या सवयीचं काय सांगायचं असतं?

ते निघाले तेव्हा माझ्यावर पावणेअकरा होते. किल्ल्याजवळची वाळू खरंच सुकी होती. अनुजाच्या मनातली भीतीही जरा कमी झाली. गप्पा मारत ते अर्ध्यावर आले आणि समोर पाहतात तर सकाळी घोटाभर असलेला चर रुंद झाला होता. पाणी शांत दिसत होतं. वर नुसते छोटे छोटे भोवरे फिरत होते. पलीकडे टपरीवरच्या मावशी दोन्ही हात हलवत होत्या. मागे फिरा म्हणत होत्या की लवकर या, ते कळेना.

अवधूतने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दहा त्रेपन्न. म्हणजे त्याच्या लेखी दहा तेहेतीस. "तीनच मिनिटं उशीर झालाय," तो म्हणाला, "चला पटकन, हात धरा." परत किल्ल्यावर जाऊन संध्याकाळपर्यंत बसले असते, तर आज मी तुम्हाला हे सांगत नसतो. पण तीन मिनिटांसाठी कोण मागे फिरतं? तेवीस आहेत हे त्याला कळलं असतं, तर तो फिरला असता. हे मी शपथेवर सांगतो.

पाणी कमरेला आलं, मग छातीला. अनुजा पोहणारी, ती ओढीतून तिरकी निसटली आणि पलीकडे लागली. बेसिलच्या पायाखालची वाळू सरकली. अवधूतने त्याला मागून जोरात ढकललं, दोनदा, आणि बेसिलला पाय टेकायला जागा मिळाली. बेसिलने वळून अवधूतचं मनगट पकडलं. तेच मनगट, ज्यावर मी होतो. मुठीखाली मी दबलो होतो, आणि एका बाजूने समुद्र ओढत होता. माझ्या पोटात पाणी शिरलं. एक काटा थरथरला. मग जुना पट्टा तुटला.

बेसिलच्या मुठीत मी होतो आणि अवधूत नव्हता.

होड्या गेल्या, दोर गेले, सगळं गाव किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कोस खाली त्याला बाहेर काढलं. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

चाळीत लोक आले-गेले. पुढ्यात बसून रडणारे जिन्यात वेगळं बोलत. फोन ठेवून गेली होती म्हणे, मजा करायला. वेळेचं भान सुटलं. मालनला मात्र एकाच गोष्टीचा उलगडा होत नव्हता. ती येईल त्याला विचारायची की माझा अवधूत कधी कुठे उशिरा पोचला नाही, हातात आजोबांचं घड्याळ होतं, मग उशीर झाला कसा?

तेरावं झाल्यावर बेसिल आला. इतके दिवस मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. त्याने दौलतसमोर बसून मला रुमालातून काढलं आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं. मालन आत चहा टाकत होती.

माझे काटे अकराला तीन मिनिटं कमी यावर थांबले होते. दौलतने मला खिडकीच्या उजेडात धरलं. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला तो अंधारातही वाचतो. टपरीवरच्या मावशींचा जबाब त्याने ऐकला होता. पोरं पाण्यात गेली तेव्हा अकरा वाजत आले होते. म्हणजे माझ्यावर सव्वाअकराच्या पुढे हवेत. म्हाताऱ्याचे ओठ हलले. वजाबाकी जमत नव्हती. मग त्याने मान वर केली आणि घड्याळजीच्या पोराकडे पाहिलं.

"ह्या कोणी बरोबर लावल्यान?"

बेसिलचा चेहरा पांढरा पडला. तोवर त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "मी," तो म्हणाला. "पळत होतं, आजोबा. मी त्याला गिफ्ट म्हणून..." आणि मग, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघता बघता, त्याला कळलं. दौलतला एक शब्दही सांगावा लागला नाही. आपण काय केलं, हे एखाद्या माणसाला कळतानाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

आतून कपबशा वाजल्या. मालनची पावलं दाराशी आली. दौलतने माझी चावी ओढली. गंजायला लागलेली चावी करकरली, पण काटे फिरले. वीस मिनिटं पुढे. चावी परत आत दाबायला वेळ राहिला नाही. बेसिलच्या गुडघ्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "गप रव. एक गेलो, दुसरो नको."

मालनने ट्रे ठेवला आणि मला हातात घेतलं. अकरा सतरा. तिने मनातल्या मनात वीस वजा केले, त्या घरातले सगळे करतात तसे. दहा सत्तावन्न. मग म्हणाली, "म्हणजे घड्याळ बरोबर होतं. माझ्याच पोराने बघितलं नाही."

दौलतने भिंतीकडे तोंड केलं. त्याने जिवंत पोराला सोडवलं होतं आणि त्याची भरपाई मेलेल्या नातवाने केली होती. ज्या पोराने आयुष्यभर न चुकता वजाबाकी केली, तो आता आपल्या आईच्या लेखी बेफिकीर ठरला. म्हातारा त्या दिवसापासून मला हात लावत नाही.

मी आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा सगळे वेळेवर पोचले. एकदाच खरं बोललो. तुमच्या घरात एखादं घड्याळ पुढे लावलेलं असेल तर असू दे, त्यात गैर काही नाही. पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगून ठेवा. आणि दुसऱ्याचं घड्याळ चुकीचं दिसलं, तर मायेपोटीसुद्धा न विचारता बरोबर करू नका.

बेसिल दर रविवारी येतो. मालन त्याला जेवू घालते, अवधूतच्या ताटात. तो खाली मान घालून जेवतो. गेल्या रविवारी तिने खण उघडून मला त्याच्यासमोर ठेवलं. म्हणाली, तुझे वडील हेच काम करायचे ना, बेसिल? पुढच्या वेळी हत्यारं घेऊन ये आणि हे चालू करून दे. घरात त्याची टिकटिक तरी राहील. मग माझ्या काचेवरून बोट फिरवत तिने सहज विचारलं, "ह्याची चावी अशी कशी रे ओढलेली राहिली?"

बेसिलने हातातला घास ताटात ठेवला. दौलत खिडकीबाहेर बघत होता. मालन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि मग तिने भात वाढला.

उद्या रविवार आहे. बेसिल येईल, पेटी उघडेल, माझ्या पोटातलं मीठ पुसेल, आणि मग चावी हातात घेऊन त्याला ठरवावं लागेल की मला कुठे लावायचं. बाळा, माझं आता एवढंच मागणं आहे. बरोबर लाव किंवा वीस मिनिटं पुढे लाव, तुझी मर्जी. पण या वेळी तिला सांगून लाव.